पेटी घेताय? आधी भाता दाबून बघा, पॉलिश नंतर बघा

सिंधुदुर्ग : श्रावण लागला की गावागावात माळ्यावरच्या पेट्या खाली येतात. पुढे गणपतीच्या आरत्या, रात्रीची भजनं, मग डबलबारीचे सामने. आणि बऱ्याच ठिकाणी दरवर्षी तोच प्रकार होतो. पेटी उघडली की दोन-तीन पट्ट्या खाली बसलेल्या, एखादा सूर मुका, भात्यातून फुसफुस. मग कुणीतरी म्हणतो, ही आता गेली, वर्गणी काढूया आणि नवीन आणूया.

नवीन पेटी हा भजनी मंडळासाठी लहान खर्च नाही. घरटी वर्गणी निघते, चाकरमान्यांना फोन जातात, मुंबईकर मंडळाकडून मदत येते. एवढं करून दुकानात गेल्यावर लोक बघतात काय? पॉलिश कसं आहे, खुंट्या किती आहेत, बाजूला नक्षी आहे की नाही. पेटी आतून कशी आहे हे कुणी विचारत नाही, कारण काय विचारायचं तेच माहीत नसतं. दोन पावसाळ्यात तीच पेटी रडायला लागते आणि वर्गणीचे पैसे पाण्यात जातात.

छोट्या सुतारी कारखान्यात पेटी हाताने कशी तयार होते हे एकदा समजून घेतलं, तर दुकानात फसायची वेळ सहसा येत नाही. आणि जुनी पेटी खरंच 'गेली' आहे का, हेही कळतं.

पेटीच्या पोटात काय असतं

मागची हलणारी बाजू म्हणजे भाता. तो मारला की वारा सरळ सुरांकडे जात नाही. पेटीच्या पोटात आणखी एक भाता असतो, आधी तो भरतो. हा आतला भाता स्प्रिंगांनी दाबून धरलेला असतो. हाताने मारलेला वारा धक्क्याधक्क्याने येतो. आतला भाता तो साठवतो आणि एकसारखा सोडतो. पंपाचं पाणी आधी टाकीत घेऊन मग बागेत सोडतात, तसंच हे. वारा आला त्या वाटेने परत जाऊ नये म्हणून दोन्ही भात्यांच्या तोंडावर चामड्याच्या झडपा असतात.

त्याच्या वर एक जाड फळी. फळीला प्रत्येक पट्टीसाठी वेगळं भोक, आणि खालच्या अंगाने पितळी सूर स्क्रूने बसवलेले. पट्टी म्हणजे एक लांब लाकडी तरफ. मधे टेकू, मागच्या टोकाखाली फेल्ट आणि चामडं लावलेलं झाकण, त्यावर तारेची स्प्रिंग. बोटाने पुढचं टोक दाबलं की मागचं टोक उचलतं, भोक उघडतं, वारा सुरातून बाहेर पडतो आणि सूर बोलतो. बोट काढलं की स्प्रिंग झाकण परत जागेवर बसवते.

समोरच्या खुंट्यांमधल्या काही खुंट्या सुरांच्या कुठल्या ओळीत वारा सोडायचा ते ठरवतात. काही एकच सूर धरून ठेवतात. आणि स्वस्तातल्या पेट्यांमध्ये काही खुंट्या निव्वळ शोभेच्या असतात, त्यांच्या मागे काहीच नसतं. म्हणून खुंट्या मोजून पेटी घेऊ नये.

सगळा खेळ वाऱ्याचा आहे. दाराच्या चौकटीत सुतारकामातली बारीकशी फट राहिली तर चालून जातं. पेटीत तीच फट राहिली की वाजवणाऱ्याचा हात पहिल्या तासातच भरून येतो.

परदेशातून आली आणि आपली झाली

हार्मोनियम हे वाद्य मूळचं आपल्याकडचं नाही. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें याने १८४२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तिथली पेटी खुर्चीत बसून, पायाने भाता मारत वाजवायची. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हातभात्याची, मांडी घालून वाजवता येईल अशी पेटी बाजारात आणली आणि तीच देशभर पसरली. आपल्याकडे संगीत नाटकांनी पायपेटी म्हणजे ऑर्गन घरोघर ओळखीचा केला, तर भजन-कीर्तनाने हातपेटी.

मधे या वाद्याने वनवासही भोगला. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीस वर्षं टिकली. पेटीत मींड निघत नाही, आपल्या श्रुती तिच्यात बसत नाहीत, असा आक्षेप होता. आक्षेप अगदीच खोटा नव्हता, त्याचं कारण पुढे येईल. पण गावच्या देवळात पेटी वाजायची थांबली नाही. शेजारच्या गोव्यातल्या बोरी गावचे तुळशीदास बोरकर यांनी याच वाद्यात आयुष्य घातलं आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

लाकूड ओलं तर पेटी वाकडी

खोक्याला चांगलं लाकूड म्हणजे सागवान. त्यात नैसर्गिक तेल असतं, ते कमी फुगतं आणि कमी वाकतं. पण सागवान आहे एवढ्यावर भागत नाही, ते मुरलेलं पाहिजे. कापून सावलीत रचून ठेवलेल्या, एखाद-दोन पावसाळे बघितलेल्या लाकडाचं वाकणंबिकणं आधीच होऊन गेलेलं असतं. जुनी घरं मोडतात तेव्हा निघणाऱ्या सागवानी वाशांवर सुतारांची नजर असते ती याचसाठी. घाईने ओल्या लाकडाची पेटी केली तर ते लाकूड नंतर सुकतं, आणि सुकताना सांधे उघडतात.

स्वस्त पेटी प्लायवूडची किंवा हलक्या लाकडाची असते. वरून सागाच्या रंगाचं पॉलिश मारलं की ओळखू येत नाही. ती वाईटच असते असं नाही, शिकणाऱ्या पोराला चालते. पण सागवानाच्या भावात घेऊ नका. पेटी उलटी करून तळ बघा, झाकण काढून आतली बाजू बघा. तिथे पॉलिश नसतं, लाकूड खरं दिसतं.

पट्ट्यांना मात्र सागवान जड पडतं. त्यांना पाइन किंवा देवदारासारखं हलकं, सरळ रेषांचं लाकूड घेतात. जुन्या पद्धतीने काम करणारे कारागीर पट्ट्या एकेक करून करत नाहीत. एकच सपाट फळी घेतात, तिच्यावर सगळ्या पट्ट्या आखतात, नंबर घालतात आणि मग करवतीने कापून वेगळ्या करतात. त्यामुळे सगळ्यांच्या लाकडाची जात एक, वजन सारखं, आणि शेजारची पट्टी शेजारीच बसते. वर पांढरं-काळं प्लास्टिक चिकटवतात.

दोन पट्ट्यांमधली फट ही कारागिराची परीक्षा. फट जास्त ठेवली तर पट्ट्या डुलतात, खडखडतात. कमी ठेवली तर आषाढात लाकूड फुगतं आणि एक पट्टी दाबली की शेजारची पण खाली जाते. कोरड्या हवेत बसवलेली पेटी आपल्याकडे आली की हा त्रास हमखास देते. ऑनलाइन मागवलेली पेटी कुठल्या हवेत तयार झाली हे तुम्हाला कोण सांगणार?

भात्याला पुठ्ठ्याच्या घड्या असतात आणि घडीच्या कोपऱ्यांवर मऊ चामडं. वारा गळायला सुरुवात होते ती बहुतेक या कोपऱ्यातूनच. चामडं चिकटवायला जुने कारागीर अजून सरस वापरतात. सरस गरम केला की सुटतो, म्हणून पुढे दुरुस्तीला चामडं न फाडता काढता येतं. पांढऱ्या गमाने काम लवकर होतं, पण काढताना चामडं आणि कधी लाकूडही सोबत येतं.

सूर : बोटभर पितळ, सगळी किंमत त्यात

आता मुख्य गोष्ट. एक पितळी पट्टी, तिच्यात लांबट खाच, आणि त्या खाचेवर एका टोकाला रिबीट मारलेली पितळेचीच पातळ जीभ. दुसरं टोक मोकळं. वारा आला की जीभ खाचेतून वर-खाली थरथरते आणि आवाज निघतो. लांब जीभ खर्जाचा सूर देते, आखूड जीभ वरचा. जीभ खाचेच्या कडेला घासली की सूर करकरतो. ती खाचेपासून जास्त उचललेली असेल तर वारा खूप लागतो आणि सूर उशिरा बोलतो. फारच टेकलेली असेल तर जोरात भाता मारला की घुसमटतो. केसाच्या जाडीएवढ्या फरकाचा हा मामला आहे.

बहुतेक छोटे कारखाने सूर स्वतः करत नाहीत, विकत आणतात. गुजरातमध्ये भावनगर जिल्ह्यात पालिताणा गाव आहे, जैनांचं तीर्थक्षेत्र. तिथले हाताने केलेले सूर देशभर जातात. पूर्वी जर्मनीहून सूर यायचे आणि जुन्या पेट्यांमध्ये ते अजून वाजतायत. पण आज दुकानदाराने 'जर्मन सूर आहेत' म्हटलं तर नुसत्या शब्दावर जादा पैसे मोजू नका. वाजवून बघा. कानाला जे कळतं ते खरं.

सूर विकत आणले म्हणजे काम झालं असं नाही. फळीवर बसवल्यावर एकेक सूर जुळवावा लागतो. जिभेखाली पातळ पातं सरकवतात, म्हणजे तिला आधार मिळतो, आणि मग कानसीने किंवा टोकदार हत्याराने अगदी थोडं खरवडतात. मोकळ्या टोकाशी खरवडलं की जीभ हलकी होते आणि सूर चढतो. रिबिटाजवळ खरवडलं की ती लवचिक होते आणि सूर उतरतो. जास्त खरवडलं तर गेलेलं पितळ परत येत नाही. खरवडताना जीभ गरम होते, थंड झाल्यावर सूर जरासा हलतो. म्हणून चांगला कारागीर एका दिवसात पेटी जुळवून हातात देत नाही. एक-दोन दिवस ठेवतो, परत ऐकतो, परत हात फिरवतो. पेटी न्यायला गेल्यावर तो म्हणाला की दोन दिवसांनी या, तर चिडू नका.

जुळवताना तो ऐकतो काय? दोन सूर एकत्र वाजवले आणि ते किंचित जरी वेगळे असले, तर आवाजात लाट येते, वाँव-वाँव असा. फरक कमी होईल तशी लाट सावकाश होते आणि सूर मिळाले की थांबते. ही लाट ऐकू येणारा कान तयार व्हायला वर्षं लागतात. रंधा मारायला शिकलेला पोरगा वर्षभरात खोका करू लागेल, पण सुरावर बसायला त्याला तेवढ्यात कुणी देणार नाही. आज अडचण आहे ती इथेच. सुतार मिळतात, सूर जुळवणारा मिळत नाही.

आता त्या जुन्या आक्षेपाबद्दल. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, म्हणून कुठल्याही पट्टीतून गाता येतं. पण आपल्या गळ्यातला शुद्ध गंधार या सारख्या भागांत नेमका बसत नाही. एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचे शंभर भाग केले, तर पेटीतला शुद्ध गंधार साधारण १४ भाग चढा लागतो. काही गवई म्हणून आपल्या ठरलेल्या पट्टीला 'गंधार ट्यूनिंग' करून घेतात. तिथे पेटी गोड लागते, पण पट्टी बदलली की बेसूर होते. एकच बुवा कायम एकाच पट्टीत गात असेल तर ठीक. मंडळात चार गाणारे चार पट्ट्यांचे असतील तर या फंदात पडू नका.

सुरांच्या ओळी किती, पट्ट्या किती

साधी पेटी ३७ पट्ट्यांची, म्हणजे पूर्ण तीन सप्तकं. २२ पांढऱ्या, १५ काळ्या. त्यापुढे ३९ आणि ४२ पट्ट्यांच्या येतात. प्रत्येक पट्टीला सुरांच्या किती ओळी आहेत त्यावर किंमत वर जाते. नर म्हणजे मधला सूर, खर्ज त्याच्या एक सप्तक खाली, मादी एक सप्तक वर. ३७ पट्ट्यांच्या दोन ओळींच्या पेटीत ७४ सूर होतात. ४२ पट्ट्यांच्या तीन ओळींच्या पेटीत १२६. आणि हे सगळे जुळवायचे असतात, आज आणि पुढे दर वेळेलाही.

देवळातल्या किंवा घरच्या भजनाला खर्ज-नर अशा दोन ओळी पुरतात. पखवाज, झांजा आणि कोरसमध्ये पेटी ऐकू आली पाहिजे, त्यासाठी खर्जाचा भरणा लागतोच. डबलबारीत बुवा स्वतः पेटीवर बसून चढ्या पट्टीत गातो, त्याला तिसरी ओळ उपयोगी पडते. पण ओळी वाढल्या की वाराही जास्त लागतो. भाता तेवढा दमदार नसेल तर तीन ओळी उघडल्यावर पेटी दम टाकते.

स्केल चेंजरबद्दल स्पष्टच सांगायला हवं. यात पट्ट्यांची सगळी चौकट डावी-उजवीकडे सरकते, त्यामुळे बोटं एकाच जागी ठेवून पट्टी बदलता येते. सोय आहे यात शंका नाही. पण ज्या पेटीत फटच नको, तिच्यात सरकणारे भाग आले. वजन वाढतं, दमट हवेत अडकतं, आणि दुरुस्ती करणारा जवळ नसला की पेटी पडून राहते. सगळ्या पट्ट्यांतून वाजवता येणारा वादक मंडळात असेल तर या जादा पैशांत चांगले सूर असलेली साधी पेटी घ्यावी.

दुकानात गेल्यावर काय करायचं

बुवाला आणि पखवाजवाल्याला सोबत न्या. पखवाज पेटीच्या सा ला लावायचा असतो, त्यामुळे पेटी चुकली की तोही चुकतो. फक्त अध्यक्ष आणि खजिनदार जाऊन उपयोग नाही.

आधी सगळ्या खुंट्या बंद करा आणि भाता मारा. आतला भाता भरला की हाताला अडल्यासारखं वाटलं पाहिजे आणि ते काही वेळ टिकलं पाहिजे. लगेच ढिला पडला तर वारा गळतोय. मग खुंट्या उघडा, एकही पट्टी न दाबता भाता मारा. कुठूनही बारीक सूर ऐकू आला तर त्या पट्टीचं झाकण नीट बसत नाही. नवीन पेटीत हे चालवून घेऊ नका.

नंतर एक-एक ओळ उघडून, डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी सावकाश वाजवा. हळू वाऱ्यावर सूर लगेच बोलतो का, जोराच्या वाऱ्यावर करकरतो का ते ऐका. मग दोन ओळी एकत्र उघडा आणि आवाजात ती लाट येते का बघा. दुकानदार भराभर एखादी चाल वाजवून दाखवेल, ऐकून सगळ्यांना बरं वाटेल. भरभर वाजवलं की दोष लपतात.

मोबाईलचाही इथे उपयोग आहे. ट्यूनरचं फुकट ॲप घ्या. मधल्या सप्तकातली पांढरी सहा ही पट्टी ४४० वर दाखवली पाहिजे, काही कारागीर ४४२ वर ठेवतात. कुठला आकडा आहे यापेक्षा सगळ्या पट्ट्या त्याच हिशोबाने आहेत का हे महत्त्वाचं. भाता एकसारखा मारा, कारण वारा कमी-जास्त झाला की सूरही थोडा हलतो आणि तुम्ही उगाच पेटीला दोष द्याल.

शेवटी हे विचारा : वर्षा-दोन वर्षांनी जुळवायला कुठे आणायची? पेटी कधीतरी जुळवावी लागणारच. एसटीने सकाळी नेऊन देता येईल एवढ्या अंतरावरचा कारागीर असेल, तर त्याच्याकडून थोडी महाग पडली तरी परवडते.

जुनी पेटी लगेच मोडीत काढू नका

सूर मुका झाला म्हणजे बऱ्याच वेळा जिभेत धुळीचा कण किंवा किड्याचा पंख अडकलेला असतो. पट्टी बसली असेल तर लाकूड फुगलेलं असतं किंवा स्प्रिंग निसटलेली. सूर करकरत असेल तर उन्हाळ्यात लाकूड आकसून स्क्रू ढिले झालेले असू शकतात. फुसफुस म्हणजे भात्याच्या कोपऱ्याचं चामडं. ही सगळी दुरुस्तीची कामं आहेत. सूर शाबूत आणि खोका सरळ असेल तर तीस-चाळीस वर्षांची पेटीही नवीन चामडं, नवीन फेल्ट घालून उभी राहते. आजोबांच्या वेळच्या पेटीतले सूर आज दुकानात मिळतील त्यापेक्षा चांगले असायची शक्यता बरीच आहे. म्हणून जुनी देऊन नवीन घ्यायचा सौदा करण्याआधी ती एखाद्या कारागिराला उघडून दाखवा.

काही गोष्टी मात्र घरी करू नका. अडकलेल्या पट्टीत खोबरेल सोडू नका, लाकूड ते पितं आणि वर धूळ धरते. ओली झाली म्हणून पेटी उन्हात ठेवू नका, चामडं कडक होतं आणि सांधे उघडतात. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर दोन-तीन दिवस राहू द्या. चुलीवरच्या माळ्यावर पेटी कोरडी राहते हे खरं, पण धुराची काजळी सुरांवर बसते आणि सूर उतरतात. आरतीच्या वेळी धूप-उदबत्ती पेटीच्या अगदी जवळ ठेवतात, तीही जरा लांब ठेवलेली बरी.

दुरुस्तीला पेटी न्यायची तर ज्येष्ठातच न्या. श्रावणात कारागिराकडे पेट्यांची रांग लागते आणि घाईत जुळवलेली पेटी चतुर्थीच्या रात्रीच मान टाकते. यंदा उशीर झाला असेल तर निदान वाऱ्याची गळती आणि मुके सूर एवढंच करून घ्या, पूर्ण जुळवणी दिवाळीनंतर.

गणपती गेल्यावर पेटी ठेवताना भात्याची कडी लावा, खुंट्या बंद करा, झाकण घाला आणि सुती कापडात गुंडाळून जमिनीपासून उंच ठेवा. फेल्टला कसर लागते, म्हणून डांबराच्या गोळ्या पुरचुंडीत बांधून बाहेरच्या पेटाऱ्यात टाका, पेटीच्या आत नाही. आणि वर्षभर कडीकुलपात ठेवू नका. महिन्यातून एकदा कुणीतरी दहा मिनिटं बसून सगळ्या पट्ट्या वाजवल्या, तर चामडं हलतं राहतं आणि कुठली पट्टी अडकायला लागलीय ते पुढच्या श्रावणाच्या आधीच समजतं.